जास्तीची तार

तार दिसत नाही. खांब दिसतात, आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहे असं धरून चालायचं असतं.

भावजी चहात साखर घेत नाहीत, तरी चमचा फिरवत बसतात.

गव्हावर तांबेरा पडला की शेतातून चालणाऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत नारिंगी होते. पहिल्या धुण्यात जात नाही.

रस्त्याच्या कडेला एका कुत्र्याला गोल खड्डा सापडला. माती ताजी, गार. त्यात तो अंगाची जुडी करून झोपला.

थोरले जिना चढताना आधी उजवा पाय टाकतात, मग डाव्याला वर बोलावून घेतात.

एक लाल पेन्सिल, दोन्ही टोकांना तासलेली.

शेडच्या दारावर खडूने: कमी असेल तर भरायचं नाही.


शून्य मीटर

बुधवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मुरमाची धावपट्टी, टोकाला पत्र्याची शेड, शेडसमोर ट्रक. ट्रकवर औषध कालवायची टाकी आणि टाकीशी वहिनी. रबरी हातमोजे, रबरी एप्रन, गळ्यात मास्क. नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी, पण धावपट्टीवर त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. इंधन घेऊन येणारा म्हणतो, वायरमन म्हणतो, ज्यांच्या शेतावर फवारणी असते ते त्यांच्या वडिलांच्या वयाचे मालकही म्हणतात. एकदा घाईत नवराही म्हणून गेला होता. तो विषय निघाला की घरात अजून जेवणं लांबतात.

ज्यांच्या त्या खऱ्या वहिनी, ते भावजी आत्ता वर होते.

भावजींचं विमान पिवळं, एका माणसापुरतं. माणसाच्या पुढ्यात औषधाची टाकी, पंखांखाली नळ्या, नळ्यांना तोट्या. शेतावरून तीन मीटर उंचीने जायचं, औषध सोडायचं, टोकाला उचलायचं, वळायचं, पुन्हा खाली. दिवसातून शंभरदा, दीडशेदा. तीन मीटर म्हणजे किती, असं कुणी विचारलं तर थोरले म्हणतात, "माझ्या खांद्यावर उभा राहा. झालं."

थोरले म्हणजे वहिनींचे यजमान, भावजींचे सख्खे भाऊ. आधी हे विमान तेच चालवायचे. आता ते बारा किलोमीटरवर घराच्या वरच्या खोलीत फोन सांभाळतात, वाऱ्याचा अंदाज बघतात आणि मालक लोकांच्या शिव्या गाळून उरलेला मजकूर धावपट्टीवर कळवतात.


साठ मीटर

फवारणीआधी पाहणी. साठ मीटरवरून शेताला दोन फेऱ्या, एक सुलटी, एक उलटी, कारण जी तार एका अंगाने उन्हात चमकते ती दुसऱ्या अंगाने पुसून टाकल्यासारखी नाहीशी होते. तारा शोधायच्या नाहीत, खांब शोधायचे. खांबावरचा आडवा लोखंडी हात कुठे तोंड करून आहे ते बघायचं. चिनी मातीच्या वाट्या किती ते बघायचं. एकटा खांब दिसला तर त्याचा जोडीदार शोधायचा. हौस म्हणून एकटा खांब कुणी पुरत नाही. झाडीत शिरलेली ओळ बाहेर कुठून पडते? घर दिसलं तर घरात वीज कुठून आली?

मग उतरायचं. इंजिन बंद करायचं. शेडसमोरच्या पालथ्या पिंपावर बसायचं. वहिनी कोरा कागद देतात आणि लाल पेन्सिल. भावजी शेत काढतात, आणि शेतातल्या, शेताकडेच्या सगळ्या तारा काढतात. नकाशा बघायचा नाही. नकाशा वहिनींच्या एप्रनच्या खिशात. तो त्यांनी आदल्या दिवशी ट्रक घेऊन, शेताभोवती फिरून केलेला असतो. त्यात काय आहे ते आधी सांगायचं नाही, खुणावायचंही नाही. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी. भावजींच्या कागदावर एक जरी तार कमी निघाली, तर वहिनी विमानाला पाइप जोडत नाहीत. भावजी पुन्हा वर.

नियम थोरल्यांचा. ते पडले त्यानंतरचा.

अकरा वर्षांत तीनदा कमी निघाली. तिन्ही वेळा भावजी न कुरकुरता परत वर गेले, उतरले आणि राहिलेली तार काढली. एकदा तारेखाली बारीक अक्षरात "माफी" असंही लिहिलं.


शून्य मीटर

"चहा?" भावजींनी हेल्मेट काढत विचारलं.

"आधी कागद."

"गार होईल हो."

"तुम्ही गारच पिता. ढवळून ढवळून मारता त्याला."

भावजी पिंपावर बसले. एका हातात कप, एका हातात पेन्सिल. आठवून काढणारा माणूस मध्येच थांबतो, डोळे बारीक करतो, हवेत बोट फिरवतो. भावजींची पेन्सिल थांबली नाही. सही करावी तसं त्यांनी शेत काढलं आणि कागद वहिनींकडे सरकवला. मग चमचा.

रस्त्याकडेची जाड ओळ होती. कालव्यावरची होती. मालकाच्या घराकडे जाणारी होती. आणि चौथी होती, शेताच्या पोटातून तिरकी, जुन्या विहिरीपर्यंत.

वहिनींनी खिशातून नकाशा काढला. त्यावर तीन होत्या.

"ही कुठली?"

"मधली."

"मधली कुठली?"

"अहो, मधली तार. तिच्या अल्याड-पल्याड अकरा वर्षं फवारतोय. तुमच्याकडे नाही?" भावजींनी मान वाकडी करून नकाशात डोकावून बघितलं आणि ते खूश झाले. "नाही! आज वहिनी नापास. दादाला फोन लावा, मला स्वतः सांगायचंय."

"भावजी, मधली काढली."

"कधी?"

"पंधरा दिवस झाले. जुन्या विहिरीवरचा पंप बंद केला, म्हणून ओळ उतरवली. वायरमन सांगत होता. काल मी बघून आले. खांबांचे खड्डे आहेत नुसते. एकात कुत्रं झोपलं होतं."

चमचा थांबला. पण थोडाच वेळ.

"बरं झालं की मग. सुंठीवाचून खोकला गेला. भरा."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"भरा, वहिनी. नऊला वारा उठेल. दारावर काय लिहिलंय? कमी असेल तर भरायचं नाही. माझ्याकडे कमी नाही, एक जास्त आहे. जास्तीचं कुठे काही लिहिलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. अकरा वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

"नसलेली तार कुणाला मारत नाही," भावजी म्हणाले.

"नसलेली तुम्हाला दिसली कशी?"

"म्हणजे?"

"आत्ता वर होता तुम्ही. खांब किती होते मधल्या ओळीला?"

"सात."

"एकही नाही, भावजी. सपाट गहू आहे."

भावजींनी कप पिंपाच्या कडेवर ठेवला. कप कलला, त्यांनी परत हातात घेतला.

"बाकीच्या तीन बरोबर आहेत ना?"

"आहेत."

"मग?"

"बरोबर आहेत, पण त्या तुम्ही आज बघितल्यात की गेल्या साली, हे मला कसं कळायचं?"


तीन मीटर

थोरल्यांना तार माहीत होती.

हे आधी सांगितलेलं बरं, कारण ऐकणारा पहिलं तेच विचारतो: माहीत नव्हती का हो? माहीत होती. त्या सकाळी ते तिच्याखालून अठरा वेळा गेले होते. आदल्या रात्री जेवताना त्यांनी तिच्याबद्दल सांगितलंही होतं, की कालव्यापलीकडे एक तार आहे, खांब झाडात आहेत, लबाड आहे. सगळं शेत झालं. टाकीत थोडं औषध उरलं. कडेची एक पट्टी राहिल्यासारखी वाटली म्हणून ते आडवे फिरले, आणि त्या आडव्या फेरीत त्यांच्या मनात आलं, आपण निघताना शेडचं फाटक लावलं होतं का.

विमान गव्हात बसलं. "पडलो" असं ते म्हणत नाहीत, "बसलो" म्हणतात. डावा पाय तीन ठिकाणी मोडला.

फाटक लावलेलं होतं.

दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी नियम सांगितला आणि वहिनींनी तो औषधाच्या खोक्यावर उतरवून घेतला. तोपर्यंत वहिनींचा आणि विमानाचा संबंध डबा पोचवण्यापुरता होता. महिन्याभराने भावजी विमानात बसले आणि वहिनींनी रबरी हातमोजे चढवले. दिरावर आपली नजर असावी, एवढाच विचार. नवऱ्यावर ठेवायची राहून गेली होती.


शून्य मीटर

"उद्याचं शेत कुठलं आपलं?" वहिनींनी विचारलं.

"टेकडीखालचं. का?"

वहिनींनी दुसरा कोरा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "काढा."

"अजून बघितलं नाहीये."

"म्हणूनच."

भावजी हसले. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी पेन्सिल उचलली. टेकडीखालचं शेत पाऊण मिनिटात झालं. दोन तारा, एका खांबाला आधारासाठी दिलेली ताणाची तिरकी तार, गोठ्याकडे गेलेली जोडणी. कोपऱ्यातलं चिंचेचं झाडसुद्धा.

"चिंच गेल्या पावसात पडली," वहिनी म्हणाल्या.

भावजींनी झाडावर काट मारली. मग त्यांनी स्वतःहूनच कागद पालथा केला आणि परवाचं शेत काढायला घेतलं. अर्धं झालं आणि पेन्सिल थांबली.

टाकीतला पंप औषध ढवळत होता.

"मी वर जाऊन बघतो," भावजी म्हणाले. "खरंच बघतो. उगाच फिरत नाही."

"मी कुठे तसं म्हणतेय."

"आज खांब बघितले मी. शपथ. सात मोजले." त्यांनी बोटं उघडली, मिटली. "बघितले असं वाटलं. तुम्ही घराचा जिना रोज चढता. पायऱ्या किती आहेत?"

"सतरा."

"मोजता रोज?"

"नाही."

"पाय टाकलात आणि सोळाच निघाल्या, तर?"

"तर तुमच्या भावासारखी चालेन."

यावर भावजींना हसू आलं. आवरेना. हेल्मेटमध्ये तोंड घालून ते हसले आणि तोंड बाहेर काढलं तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"मग मी संपलो का, वहिनी?"

हा प्रश्न वहिनींना गेला पाव तास दिसत होता. उत्तर दिसत नव्हतं. भावजींना विमानाखेरीज दुसरं काही येत नाही. लग्न केलं नाही, शेती जमली नाही, दुकानात बसवलं तर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना हवामान सांगू लागले. जमिनीवर ते जरा बावळटच दिसतात. वर गेले की त्यांच्यासारखा माणूस नाही. आणि तोच माणूस आता नसलेली तार बघून आला होता, मग असलेली एखादी न बघता कधी येईल ते कुणी सांगावं.

"तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. "मी यांना फोन करते."


घराची वरची खोली, फोनवर

"अगं, मालकाचे दोन फोन आले. तांबेरा वाऱ्यावर चाललाय म्हणे. भरलं का?"

"नाही."

"का? काय कमी निघालं?"

"कमी नाही. जास्त."

"जास्त?"

वहिनींनी सांगितलं. थोरल्यांनी हं, हं केलं.

"मग भर की. जास्तीचीच आहे ना? तार नाही तिथे तार समजून उडला तर उलट उंच उडेल. बरंच आहे."

"तुमचा नियम आहे म्हणून तुम्ही म्हणाल तसं, असं करू का?"

"करावं माणसाने कधीतरी नवऱ्याचं ऐकून."

"मला एक सांगा. तुम्ही पडलात."

"बसलो."

"बसलात. त्या सकाळी मी तुम्हाला कागद दिला असता, तर ती तार काढली असतीत?"

"अर्थात."

"लगेच?"

"डोळे मिटून," थोरले म्हणाले.

मागे घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"डोळे मिटून," थोरले पुन्हा म्हणाले, हळू. "अकरा वर्षं मी चुकीच्याच गोष्टीची परीक्षा घेतोय की काय याची?"

"तसं मी म्हटलं नाही."

"तू म्हणत नाहीसच. तू पाइप जोडत नाहीस." त्यांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "त्याला दे."

भावजींनी फोन कानाला लावला. वहिनी दोन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या, पण थोरल्यांचा आवाज लांबून ऐकू यावा असाच आहे.

"काय रे, भुतं दिसायला लागली?"

"दादा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. तुला इथली शेतं पाठ झालीत. मला झाली होती तशीच. पाठ झालेलं पोर काय करतं? पुस्तक मिटतं. तर आता वर्ग बदल."

"म्हणजे?"

"उत्तरेला लंबू फवारतो ना, त्याची धावपट्टी. उद्यापासून तू त्याच्याकडे, तो आपल्याकडे. विमान ज्याचं त्याने न्यायचं. त्याच्याकडचं एक शेत तरी ओळखीचं आहे का तुझ्या?"

"एकही नाही."

"झकास. त्याला आपल्याकडचं काही माहीत नाही. दोघेही अडाणी."

"दादा, अकरा वर्षांची माहिती आहे माझ्याकडे. ती पाण्यात घालू?"

"वहिनीच्या कागदावर घाल. तिथे शोभते. तुझ्या डोक्यात नको." थोरले थांबले. "अनोळखी शेताची भीती वाटते की नाही?"

"वाटते."

"मग वाटू दे. मला त्या दिवशी वाटत नव्हती."

भावजींनी फोन परत दिला आणि ते विमानापाशी गेले. पुढच्या काचेसमोर तार कापायची पोलादी पाती असते, तिच्यावरून त्यांनी फडकं फिरवलं. ती स्वच्छच होती. मग चाकांखाली अडणीचे ठोकळे सरकवले.

साडेआठलाच वारा आला. कालवलेलं औषध टाकीतच राहिलं. मालकाने थोरल्यांना जे सुनावलं ते गाळल्यावर फक्त "बरं" एवढंच उरलं.

ट्रकमधून घरी जाताना भावजी एकदाच बोलले.

"तुम्ही भरलं असतं तरी मी आज नीट आलो असतो."

"हो."

"मग?"

"मग उद्या भरलं असतं," वहिनी म्हणाल्या. "परवा भरलं असतं."


साठ मीटर, पण दुसरा माणूस

गुरुवारी सकाळी साडेपाचला भावजी पिवळं विमान घेऊन उत्तरेला गेले आणि सहाला लंबू त्याचं पांढरं विमान घेऊन उतरला. लंबू इतका उंच आहे की विमानातून तो उतरत नाही, उलगडतो. थोरले म्हणतात, त्याच्या गुडघ्यांना वेगळं तिकीट लागायला हवं. त्याने वहिनींना नमस्कार केला, चहात तीन चमचे साखर घातली, आणि विचारलं, "इथे काय काय आहे?"

"ते तुम्ही सांगायचं."

"भावजी म्हणाले होते, तुम्ही कडक आहात."

"अजून काय म्हणाले?"

"नाही, तेवढंच. घाबरून म्हणाले."

कालच्या राहिलेल्या शेतालाच लंबूने दोनच्या जागी चार फेऱ्या मारल्या. वहिनी शेडच्या सावलीतून बघत होत्या. विमान लांबवर, वाटाण्याएवढं, एका जागी घोटाळायचं, पुढे जायचं, परत मागे यायचं. अनोळखी गल्लीत घर शोधणारा पाहुणा जसा पाट्या वाचत जातो. भावजी असे शेवटचे कधी घोटाळले होते, ते त्यांना आठवेना.

उतरल्यावर लंबू पिंपावर बसला. जीभ दातात धरून काढू लागला. थांबला. डोळे मिटले. हवेत बोट फिरवलं. काहीतरी खोडलं. बारा मिनिटं लागली.

रस्त्याकडेची. कालव्यावरची. घराकडची. आणि चौथी.

पण ही चौथी मधली नव्हती. ती वरच्या कोपऱ्यात होती, निलगिरीच्या रांगेमागे, घराकडून निघून शेताचं टोक कापून जाणारी.

"ही काय?"

"तार."

"तिथे काही नाही."

"आहे. एक खांब नवाकोरा आहे, लाकडी. दुसरा झाडातच घुसलाय. बारीक आहे तार, दोनदा हरवली. पलीकडे पत्र्याची खोली आहे, तिच्यात शिरते."

"पंधरा दिवसांपूर्वी मधली ओळ काढली. तुम्हाला कुणी तिच्याबद्दल सांगितलं असेल, त्याचा घोळ..."

"वहिनी, मी या भागात आयुष्यात पहिल्यांदा आलोय," लंबू म्हणाला. "चुकायलासुद्धा आधीची काहीतरी माहिती लागते."

वहिनींनी एप्रन काढला, नकाशा आणि पेन्सिल पँटच्या खिशात घातली, ट्रक काढला. निलगिरीच्या रांगेपाशी रस्ता संपतो. मंगळवारी त्या इथपर्यंत आल्या होत्या आणि इथूनच वळल्या होत्या, कारण झाडांमागे काही नसतं, कधीच नव्हतं. आता त्या उतरून गव्हातून चालत गेल्या. झाडांच्या पलीकडे पोचल्या आणि वर बघितलं. आधी नुसतं आभाळ दिसलं. मग खांब दिसला, मग पत्र्याची खोली दिसली, आणि मग त्या दोहोंच्या मध्ये, डोक्यावर, बोटाएवढी जाड काळी रेघ. खोलीतून पाण्याचा आवाज येत होता.

पंप बंद झाला नव्हता. पंप हलला होता. जुन्या विहिरीवरून इथे. वायरमनला हे माहीत असायचं कारण नव्हतं. घराच्या मीटरपासून पुढे ओढलेली तार, मालकाची स्वतःची. पण जी ओळ गेली तिच्या टोकाला पंप होता, तो कुठे गेला, हे विचारायचं काम वहिनींचं होतं. मधली ओळ गेल्याचं आपल्या लक्षात आलं, याच आनंदात त्या परत फिरल्या होत्या.

त्या बांधावर बसल्या. पँट गुडघ्यापर्यंत नारिंगी झाली होती. समोरून शेताची सरळ रेघ येत होती, ज्या रेघेने विमान येतं आणि ज्या टोकाला ते उचलावं लागतं. बरोबर तिच्या तोंडाशी, झाडांच्या आधीच, ती तार होती. मग खिशातून नकाशा आणि लाल पेन्सिल काढली आणि तार काढली. जिथे जिथे त्या स्वतः गेल्या नव्हत्या, तिथे नकाशाच्या कडेला बारीक फुल्या मारल्या. फुल्या पाच निघाल्या.

त्या पाचही जागा बघून, मग धावपट्टीवर येऊन त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. चार आणि चार. पाइप जोडला.


शून्य मीटर, दोन ठिकाणी

लंबू दुसऱ्या टाकीसाठी यायला वेळ होता, तेव्हा त्यांनी उत्तरेला फोन लावला.

"भरलं का तिकडे?"

"आत्ता कुठे," भावजी म्हणाले. "पाच फेऱ्या मारल्या पाहणीच्या. डोकं धरलंय. उतरलो तर दोन तारा कमी. लंबूच्या बायकोने परत पाठवलं. तुमच्यापेक्षा खाष्ट आहे ती. कागद हातात धरून नुसती बघते."

"बघू दे."

"थकलो हो. पण मजा आली. खांबाखांबाला विचारावं लागतं, तू कोण."

"भावजी, काल माझाही कागद चुकला होता."

"म्हणजे?"

"तुमच्याकडे एक जास्त होती. माझ्याकडे एक कमी होती. तीही डोक्यातूनच काढलेली."

"कुठे?"

"निलगिरीच्या मागे. नव्या पंपाची. टोक कापून जाते."



"तिथे मी अगदी शेवटी उचलतो," ते म्हणाले. "झाडं समोर येईपर्यंत खालीच असतो."

"हो. अकरा वर्षं बघतेय."

"दादाला सांगितलं?"

"सांगणार आहे. आधी तुम्हाला."

"मग दारावर आता काय लिहिणार?"

"ते त्यांनी ठरवायचं. माझं अक्षर चांगलं आहे एवढंच."

पांढरं विमान निलगिरीवरून बरंच उंच उचललं गेलेलं वहिनींना दिसलं, मग ते वळून धावपट्टीकडे येऊ लागलं. त्यांनी फोन ठेवला आणि मास्क वर ओढला.


साडेचार मीटर

निलगिरीमागची ती तार त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी दुपारी मालकाच्या दोन माणसांनी ओढली. काम पाऊण तासात झालं.